आठ आण्याचा काका

आमच्या मधल्या काकाला आजी लाडानं 'आठ आण्याचं पोर' म्हणायची. काका पुढे पोस्टात चिकटला, त्याला टक्कल पडलं, मुलगी लग्नाची झाली, तरी सणाच्या दिवशी तो पाटावर बसला की आजी पोळीवर तुपाची धार सोडत म्हणणार, "जेव रे, माझ्या आठ आण्याच्या पोरा." आम्हा मुलांना वाटायचं, याला कुणाकडून तरी आठ आण्याला विकत घेतलं असणार. तशी रीत होतीच. जिची मुलं जगत नसत ती बाई नवं मूल शेजारणीच्या ओटीत घालायची आणि चार आणे देऊन परत घ्यायची. दगडू, धोंडू, भिकू ही नावं त्याच भीतीतून आलेली. काकाच्या आठ आण्यांची हकिगत मात्र वेगळी होती. ती मला तुकड्यातुकड्यांनी कळली, बहुतेक वेळा स्वयंपाकघरात डिंक तळला जात असताना.

घरातली लेक किंवा सून बाळंत व्हायची असली, की आजी सातव्या महिन्यापासून तयारीला लागायची. डिंक, खारीक, खसखस, सुंठ, गोडांबी, मेथ्या, अळीव, बाळंतशेपा. वाण्याकडची पुडी उघडून ती आधी वास घ्यायची आणि मनासारखा नसला तर आजोबांना तशीच परत पाठवायची. बाळंतिणीला शेपूची भाजी, लसणीची फोडणी दिलेली कुळथाची पिठी, तूप घातलेला मऊ भात. बाजेखाली शेगडी, शेगडीवर ओवा. कानाला फडकं घट्ट बांधलेलं. सव्वा महिना बाईनं पाण्यात हात घालायचा नाही, जड उचलायचं नाही. आईला त्या बंधनाचा जाच वाटायचा. माझ्या जन्माच्या वेळी एकदा तिनं नुसता तांब्या उचलला, तर आजीनं तो हातातून काढून घेतला, असं आई सांगायची. "एवढं कशाला हो, आत्याबाई?" असं आईनं विचारल्यावर आजी म्हणाली होती म्हणे, "आमाला कुठला गो सव्वा म्हयना? इसाव्या दिसाला मी रीळावर उभी."

आजी संगमेश्वराकडची. लग्न होऊन मुंबईला आली आणि आजोबा साचेखात्यात होते म्हणून त्याच गिरणीत रीळखात्यात लागली. साल तिला सांगता येत नसे. 'मोठ्या संपाच्या आधी' एवढंच ती सांगायची. तो 1928 चा सहा महिने चाललेला संप असावा, असा माझा हिशेब. त्या काळात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई असे. बहुतेकींचं काम रिळावर नाहीतर वाइंडिंगला. दहा तास उभं राहून सूत गुंडाळायचं, तुटलं की गाठ मारायची. वर नायकीण. कुणाला कामावर घ्यायचं नि कुणाला घरी बसवायचं ते तीच ठरवायची आणि त्यासाठी दस्तुरी घ्यायची. कधी रोकड, कधी गावाहून आणलेले पोहे, कधी सुकी मासळी. आजीनं तिला एकदा अख्खं फणसपोळीचं बोचकं दिलं होतं. ते दु:ख तिला म्हातारपणीही विसरता आलं नाही, कारण ती फणसपोळी तिच्या आईनं लेकीसाठी वाळवलेली होती.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत गिरणगावात आल्यावरही सुटली नव्हती. बायका सातव्या-आठव्या महिन्यात बोटीत बसून गावी जायच्या. आजी जयगडला उतरून पुढे चालत गेल्याचं सांगायची. किती कोस, ते दर वेळी वाढायचं. माझे वडील तिकडेच झाले. पण गावी गेलं की इकडे जागेवर बदली बाई उभी राहणार आणि परतल्यावर पुन्हा दस्तुरी. म्हणून पुढच्या खेपेला आजी मुंबईतच राहिली. दुखायला लागेपर्यंत रिळावर होती आणि वीस दिवसांनी पुन्हा रिळावर गेली. ते मूल म्हणजे माझी आत्या. मी तिला पाहिलेलं नाही. ती वर्षाचीही झाली नाही.

या आत्याबद्दल आजी माझ्याशी एकदाच बोलली, आणि तेही थेट नव्हे. माझ्या धाकट्या भावाला गुटी उगाळून देत होते, वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग, प्रत्येकाचे दोन-दोन वळसे, आणि आजी म्हणाली, "गोळी नको हां देऊ कधी." मला वाटलं, डॉक्टरची गोळी. मागाहून आईनं सांगितलं, बाळगोळी. अफूची. कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्याला ती चाटवून निजवायच्या, म्हणजे पोर दिवसभर रडत नसे. खोलीत म्हातारं माणूस असलं तर त्याच्याजवळ ठेवायचं, नसलं तर गिरणीत न्यायचं आणि यंत्रांच्या आवाजात, सुताच्या धुरळ्यात कुठेतरी आडोशाला टाकायचं. आत्या कशानं गेली हे घरात कुणी नक्की सांगू शकलं नाही. आजीनं ते मनात एका गोळीशी बांधून ठेवलं होतं.

पुढे मी शिक्षिका झाले, पुस्तकं वाचायला लागले, तेव्हा कळलं की आजीच्या खोलीतली ही गोष्ट गिरणगावच्या खोल्याखोल्यांत घडत होती. मुंबई सरकारनं डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या बाईला गिरणीतल्या बायकांची पाहणी करायला नेमलं होतं. तिचा अहवाल 1922 साली 'लेबर गॅझेट'मध्ये आला. बाळंतपणाच्या अगदी तोंडापर्यंत काम करणाऱ्या बायका, अंधाऱ्या खोल्यांतली बाळंतपणं आणि तान्ह्यांना सर्रास दिली जाणारी अफू, हे सगळं तिनं लिहून ठेवलं. 1921 साली मुंबईत जन्माला आलेल्या दर हजार मुलांमागे वर्षाच्या आत दगावलेल्यांचा सरकारी आकडा 666 होता. त्यात थोडा नोंदींचा घोळ आहे. कितीतरी जन्म आमच्या वडिलांसारखे कोकणात नाहीतर घाटावर व्हायचे, ते मुंबईच्या वहीत चढत नसत, आणि पोर मुंबईत आणल्यावर गेलं तर मृत्यू मात्र चढायचा. घोळ वजा केला तरी आकडा अंगावर येतो.

बाहेरच्या जगात या गोष्टीची चर्चा सुरू होऊन बराच काळ लोटला होता. स्वित्झर्लंडनं 1877 च्या कारखाना कायद्यात बाळंतिणीला आठ आठवडे कामावर घ्यायला बंदी केली, पण पैसे दिले नाहीत. नुसती बंदी म्हणजे उपासमार. जर्मनीत बिस्मार्कच्या 1883 च्या आजार विम्यात बाळंतिणीला तीन आठवड्यांचे पैसे मिळू लागले. आणि 1919 साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तिथं ठराव झाला की कामकरी बाईला बाळंतपणाच्या आधी सहा आणि नंतर सहा आठवडे सुटी मिळावी, तेवढ्या काळात तिच्या नि मुलाच्या पोटापुरते पैसे मिळावेत, आणि तिला कामावरून काढू नये. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथं ना. म. जोशी गेले होते. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, भारत सेवक समाजाचे. त्यांचं नाव आमच्या चाळीत सगळ्यांच्या तोंडी असायचं. डिलाईल रोडला पुढे त्यांचंच नाव दिलं, जरी आजोबांच्या पिढीच्या तोंडून डिलाईल रोड काही गेला नाही.

जोशींनी 1924 साली दिल्लीच्या कायदेमंडळात बाळंतिणींच्या हक्काचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. मग मुंबईच्या कायदेमंडळात सदस्य आसवले यांनी तसंच विधेयक आणलं आणि 28 जुलै 1928 रोजी डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलायला उभे राहिले. बाहेर गिरण्यांचा संप चालू होता. बाईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. याचा मोठा भार खरं तर सरकारनं उचलायला हवा, पण बाईच्या श्रमाचा फायदा मालकही घेतो, तेव्हा त्यानंही द्यायला हवं, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे बोलणारा माणूस तेव्हा सदतीस वर्षांचा होता, परळच्या बीआयटी चाळीत राहिलेला होता. त्याची आणि रमाबाईंची पाचांपैकी चार मुलं लहानपणीच गेली होती. धाकटा राजरत्न 1926 साली गेला, म्हणजे या भाषणाच्या दोनच वर्षं आधी. भाषणात त्यांनी यातलं काही आणलं नाही. मी ते वाचते तेव्हा मला मात्र ते दिसत राहतं.

1929 साली कायदा झाला. देशातला या प्रकारचा पहिला. मुंबईतल्या गिरणीत काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या रजेत रोज आठ आणे मिळायला लागले आणि बाळंत झाल्यावर चार आठवडे तिला कामाला लावणं हा गुन्हा ठरला.

मधला काका 1930 चा. त्याच्या वेळी आजीला रोजचे आठ आणे मिळाले. किती आठवडे, ते ती कधी सात म्हणे, कधी आठ. पैसे आणायला आजोबा गेले की ती स्वतः गेली, यावरही घरात दोन मतं होती. पण त्या पैशांचं तिनं काय आणलं ते मात्र तिला तोंडपाठ होतं: डिंक, गूळ, अर्धा शेर तूप आणि नवं सूप. काकाच्या पाचवीला सटवीपुढे कोरं सूप ठेवलं गेलं, आजीच्या आधीच्या दोन्ही मुलांना ते मिळालं नव्हतं. शेजारणीनं पाट्यावर खारीक वाटून दिली. आजीनं आयुष्यात पहिल्यांदा बाळंतिणीचे लाडू खाल्ले. "सरकारनं दिलान माझ्या पोराला," ती म्हणायची. पैसे खरं तर मालकाच्या तिजोरीतून आलेले, सरकारनं फक्त द्यायला लावलेले. आजीला ते समजावायचा प्रयत्न आजोबांनी खूप केला. तिचं म्हणणं एकच, की मालकाच्या मनानं ते आले असते तर आधीच्या पोरीच्या वेळी नसते का आले?

तिच्या या बोलण्यात सगळ्या प्रश्नाची गुरुकिल्ली आहे असं मला आता वाटतं. मालकाला आपल्या खिशातून द्यावे लागले, तेव्हा मालकानं काय केलं? बायका घेणं कमी केलं. रात्रपाळीला बायकांना बंदी होती, नवी यंत्रं आली, त्यात बाळंतपणाचे पैसे आणि पाळणाघराचा खर्च हीही कारणं पुढे केली गेली, आणि गिरणगावातल्या गिरण्यांत बायका दर दशकाला कमी होत गेल्या. उषाबाई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या बायका या कामगारणींना घेऊन लढल्या, मोर्चे काढले, तरी ओघ थांबला नाही. आजीची गिरणीही दुसऱ्या महायुद्धाच्या आधी कधीतरी सुटली. मग तिनं खोलीत खाणावळ घातली. गावची बारा-पंधरा माणसं, दोन वेळची भाकरी, आमटी, रविवारी बांगडा. त्या चुलीपुढे तिनं आणखी दोन मुलांना जन्म दिला आणि तेव्हा पुन्हा रजा नाही, आठ आणे नाहीत. खाणावळवालीला कोण देणार?

स्वातंत्र्यानंतर 1948 साली कामगार विमा आला आणि 1961 साली सगळ्या देशासाठी मातृत्व लाभ कायदा झाला, बारा आठवडे पगारी रजा. माझी दोन्ही मुलं ऐंशीच्या दशकातली. मला तीन महिने मिळाले. दुसऱ्या वेळी अर्ज द्यायला गेले तर "पुन्हा?" असं ऐकून घ्यावं लागलं, तेही शाळेतल्या एका बाईकडूनच. तीन महिन्यांनी वर्गात उभी राहिले तेव्हा मधल्या सुटीपर्यंत ब्लाउज भिजायचा आणि मी पदर घट्ट ओढून फळ्याकडे तोंड करून शिकवायची. माझ्या पिढीच्या नोकरी करणाऱ्या प्रत्येक बाईला हे सांगायची गरज नाही. तरीही आजीच्या मानानं मी राणी होते, आणि ते मला माहीत होतं.

2017 पासून ही रजा पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची झाली. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर हवं, असंही कायद्यात आलं. जगाच्या मानानं ही मोठी रजा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2000 सालच्या करारात किमान चौदा आठवडे सांगितलेत. पण त्याच करारात आणखी एक गोष्ट आहे: हे पैसे विम्यातून किंवा सरकारी निधीतून यावेत, एकट्या मालकावर भार पडू नये. आपण तो करार अजून मान्य केलेला नाही, आणि विम्याखाली येणाऱ्या कामगारणी सोडल्या तर आपल्याकडे सव्वीस आठवड्यांचा पगार मालकच देतो. मग माझ्या भाचीला मुलाखतीत "लग्न कधी? मूलबाळ?" असं विचारतात. बाबासाहेबांनी 1928 सालीच सांगितलं होतं की मोठा भार सरकारनं उचलावा. ते ऐकलं असतं तर हा प्रश्न विचारायला कुणाला कारण उरलं नसतं.

माझी लेक टेक्सासमध्ये. तिच्या बाळंतपणाला मी डिंकाचे लाडू डब्यात घट्ट भरून घेऊन गेले. अळिवाचे टिकत नाहीत, ते तिथंच नारळ आणून केले. मला वाटायचं, एवढा श्रीमंत देश, वर्षभर तरी घरी बसवत असतील. तिथं 1993 च्या कायद्यानं बारा आठवड्यांची रजा आहे, पण बिनपगारी, आणि तीही पन्नासहून कमी माणसांच्या ठिकाणी लागू नाही. देशभराची पगारी बाळंतरजा अमेरिकेत नाहीच. काही राज्यांनी आपापली सोय केली आहे, टेक्सासनं नाही. लेकीचं ऑफिस छोटं. साठवलेली आजारपणाची आणि हक्काची रजा जोडून तिनं दीड महिना काढला. आजीचा सव्वा महिना आणि वर थोडे दिवस. ती कामावर निघाली तेव्हा मी तिच्या कानाला रुमाल बांधला, तिनं तो गाडीत सोडला असेल, पण माझ्यासमोर बांधून घेतला.

त्याच सुमारास चुलतभावाचा मुलगा स्वीडनमध्ये बाप झाला आणि स्वतः रजेवर बसला. तिथं आईबापांना मिळून 480 दिवसांची रजा असते, त्यातले नव्वद-नव्वद दिवस प्रत्येकानं आपले आपणच घ्यायचे, दुसऱ्याला देता येत नाहीत. 1974 पासून बापालाही हक्क आहे. माझी आई तेव्हा नव्वदीच्या घरात. फोनवर तो मुलीला पेज भरवताना दिसला. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आत्याबाईंना हे दाखवायला हवं होतं." तिच्या मनात सासूच आली याचं मला नवल वाटलं नाही.

आजी ज्या नायकिणीला फणसपोळी देऊन आली ती नायकीण आज दुसऱ्या रूपात आहे. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई एक दिवस फडावर आली नाही तर खाडा, म्हणजे पैसे कापले. पोटुशी बाई डोक्यावर मोळी वाहते, पालावर बाळंत होते आणि काही दिवसांत पुन्हा फडात उतरते. पाळीचा नि दुखण्याचा खाडा नको म्हणून कितीतरी जणींनी गर्भाशयच काढून टाकलं. 2019 साली हे उघड झालं, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. सव्वीस आठवड्यांचा कायदा या बाईपर्यंत पोचत नाही, कारण तिचा मालक कोण, कारखाना की मुकादम, हेच कुणी कबूल करत नाही. सरकारी मातृ वंदना योजनेत पहिल्या मुलाला मिळतात पाच हजार रुपये. आजीच्या आठ आण्यांत गिरणीतल्या रोजाचा निदान अर्ध्याच्या आसपास तरी वाटा होता. या पाच हजारांत आजच्या मजुरीचे किती दिवस भरतात, ते वाचकानं स्वतः मोजावं. ऊसतोडीच्या बाईला तिच्या रोजाच्या हिशेबानं, सरकारच्या तिजोरीतून, सव्वीस आठवडे मिळायला हवेत. याहून कमी काही मागायला माझं मन घेत नाही.

आणि फडावर जायचीही गरज नाही. आपल्या घरी भांडी घासायला, पोळ्या करायला येणारी बाई कुठल्याच कायद्याच्या सव्वीस आठवड्यांत बसत नाही. तिची मालकीण आपण आहोत. तिला दिवस गेल्याचं कळलं, की तिच्या ओळखीची बदली बाई बघा, तिची जागा राखून ठेवा आणि निदान तीन महिने तिचा पगार महिन्याच्या महिन्याला घरी पोचवा. सोबत डिंकाचे लाडू दिलेत तर उत्तमच, पण पगार आधी.